डिफेंडरने परदेशात खेळायचं तर: वाट, कागद, करार आणि गुडघे

मोतीबाग_कॉर्नर (धागालेखक)

परदेशात खेळलेले भारतीय म्हटले की चर्चा फॉरवर्ड आणि गोलकीपरपाशीच फिरते. बायचुंग भुतिया १९९९ मध्ये इंग्लंडच्या बरी क्लबला गेला. सुनील छेत्री २०१० मध्ये अमेरिकेच्या कॅन्सस सिटीला आणि २०१२ मध्ये पोर्तुगालच्या स्पोर्टिंगच्या ब संघाकडे गेला. गुरप्रीत सिंग संधू २०१४ ते २०१७ नॉर्वेच्या स्टाबेकमध्ये राहिला. डिफेंडर शोधायला गेलं की यादी लगेच आटोपते. संदेश झिंगन ऑगस्ट २०२१ मध्ये क्रोएशियाच्या शिबेनिकला गेला, दुखापतीत अडकला आणि जानेवारी २०२२ मध्ये एकही अधिकृत सामना न खेळता एटीके मोहन बागानला परतला. बिजय छेत्री २०२४ मध्ये चेन्नईयिनकडून लोनवर (ठरावीक काळापुरता उसना) उरुग्वेच्या कोलोनला गेला.

नागपूर-कामठीत उंच, दणकट पोरं कमी नाहीत. जिल्हा असोसिएशनच्या एलिट डिव्हिजनमध्ये १७ ते २१ वयाचे चांगले सेंटर-बॅक (मधले बचावपटू) दिसतात. त्यातल्या एखाद्याला खरंच बाहेर खेळायचं असेल तर त्याने कोणत्या क्रमाने काय करायचं? कोणत्या लीगला दार उघडं आहे, कागद कोणते लागतात, करारात काय पाहायचं, शरीराची तयारी कशी करायची? "मेहनत करा, स्वप्न पाहा" असले प्रतिसाद नकोत. नेमकं लिहा.

सेंटर_हाफ

आधी वाटेबद्दल. सेंटर-बॅक घेताना क्लब पहिल्यांदा पाहतो ती खेळलेली मिनिटं. फॉरवर्डच्या दोन झकास गोलांवर कोणी जुगार खेळतो. डिफेंडरची एक चूक थेट गोल होते, म्हणून सलग दीड-दोन मोसम ९०-९० मिनिटं उभा राहिलेला माणूस लागतो. त्यामुळे त्याची शिडी लहान पायऱ्यांची असते.

आशियातली तीन उदाहरणं नीट पाहा. दक्षिण कोरियाचा किम मिन-जे जिओनबुकहून २०१९ मध्ये बीजिंगला गेला, २०२१ मध्ये फेनरबाचे, २०२२ मध्ये नापोली. तिथे पहिल्याच मोसमात लीग जिंकली, सेरी आचा (इटलीच्या त्या लीगचा) सर्वोत्तम डिफेंडर ठरला आणि २०२३ मध्ये बायर्नला पोचला. चीनच्या लीगला आपल्याकडे कोणी विचारत नाही, पण तिथे तो दर आठवड्याला खेळत होता. जपानचा तोमियासू जानेवारी २०१८ मध्ये बेल्जियमच्या सिंट-ट्राउडेनला गेला, २०१९ मध्ये बोलोन्या, २०२१ मध्ये आर्सेनल. सिंट-ट्राउडेन २०१७ पासून जपानी कंपनीच्या मालकीचा आहे, म्हणजे पहिली पायरी जपानने स्वतःच बांधून घेतली.

तिसरा आपल्या सर्वांत जवळचा: उझबेकिस्तानचा अब्दुकोदिर खुसानोव. १८ व्या वर्षी बेलारूसच्या एनर्गेटिक-बीजीयूला गेला. मिन्स्कच्या त्या क्लबचं नाव इथे किती जणांना ठाऊक असेल? तिथे तो मोठ्यांच्या लीगमध्ये नियमित खेळला, २०२३ मध्ये फ्रान्सच्या लान्सने उचललं आणि जानेवारी २०२५ मध्ये मँचेस्टर सिटीने सुमारे ४ कोटी युरो मोजले. चेल्सीविरुद्ध पदार्पणात तिसऱ्याच मिनिटाला त्याचा हेडरचा बॅकपास तोकडा पडला आणि गोल झाला. तरी प्रशिक्षकाने त्याला लगेच बाहेर काढलं नाही आणि सिटीने सामना ३-१ जिंकला. मागे लान्समधला खेळ जमा होता, म्हणून क्लबने तेवढा धीर धरला. हाच पोरगा थेट ताश्कंदहून आला असता तर इतका धीर मिळणं कठीण होतं.

ऑरेंज_विंग

पण आयएसएलच्या (आपल्या सर्वोच्च लीगच्या) बेंचवर बसण्यापेक्षा स्पेन-पोर्तुगालच्या चौथ्या-पाचव्या डिव्हिजनमध्ये खेळणं बरं नाही का? तिकडच्या बऱ्याच अकादमी १५-१६ वर्षांच्या पोरांना फी घेऊन ठेवतात, लीगमध्ये खेळवतो म्हणतात. आणि २०२५-२६ चा आयएसएलचा मोसम लीगच्या व्यावसायिक हक्कांच्या करारापायी किती लांबला ते सगळ्यांनी पाहिलंच. इथेच थांबून राहायचं काहून?

कामठी_लाइन

ऑरेंज भाऊ, दोन गोष्टी एकत्र होऊन राहिल्या.

१५-१६ च्या पोराला परदेशी क्लबात नोंदवताच येत नाही. फिफाच्या नियमांच्या कलम १९ प्रमाणे आंतरराष्ट्रीय बदली १८ पूर्ण झाल्यावरच. अपवाद आहेत, पण ते मोजके: आई-वडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले तर, युरोपीय संघाच्या आत १६ ते १८ वयाची बदली असेल तर, सीमेच्या दोन्ही बाजूंना ५०-५० किलोमीटरच्या आतलं प्रकरण असेल तर. नागपूरच्या पोराला यातला पहिलाच लागू होऊ शकतो. "बापाला तिकडे नोकरी दाखवू" असं कोणी सांगत असेल तर त्याच्यापासून दूर राहा. फिफा अशी प्रकरणं एकेक करून तपासते, आणि यासाठी बार्सिलोनासारख्या क्लबवरही बदलीबंदी लागली होती.

मग फी घेणारी अकादमी काय देते? सराव, राहायला खोली, भाषेचा वर्ग आणि मैत्रीपूर्ण सामने. शिकण्यासाठी वाईट नाही. पण अधिकृत सामन्यांची नोंद होत नाही, आणि पुढच्या क्लबला नेमकी तीच पाहिजे असते. दोन वर्षांत घरचे लाखो रुपये जातात आणि पोराच्या नावापुढे मिनिटं शून्य. तोच पोरगा इथे राहून युथ लीग, राज्याकडून संतोष ट्रॉफी, मग आयएसएलच्या खालच्या राष्ट्रीय लीग खेळला तर १९ व्या वर्षी हातात दाखवण्यासारखं काही असते.

आयएसएलच्या बेंचचं तुमचं म्हणणं मला पटते. २०२१-२२ पासून मैदानावर एका वेळी चारच परदेशी चालतात, तरी त्यातला एक बहुतेक क्लब सेंटर-बॅकवर खर्च करतात. भारतीयाला बहुधा त्याच्या शेजारची एक जागा मिळते. ती २१ व्या वर्षापर्यंत मिळत नसेल तर खालच्या लीगला लोन मागायला पाहिजे. त्यात कमीपणा नाही.

मोतीबाग_कॉर्नर

व्हिडिओबद्दल कोणी लिहाल का? स्काउटला (क्लबसाठी खेळाडू हेरणाऱ्याला) पाठवायचा तो कसा असावा?

सेंटर_हाफ

लिहितो, कारण इथे सगळ्यात जास्त वाया जातं.

आठ-दहा मिनिटांचा एक व्हिडिओ आणि सोबत दोन पूर्ण सामने, शक्यतो वरचढ संघाविरुद्धचे. संगीत नको, स्लो मोशन नको. पहिल्या फ्रेमवर नाव, जन्मतारीख, उंची, कोणता पाय, आत्ताचा क्लब, कराराची शेवटची तारीख, पासपोर्ट कोणत्या देशाचा. प्रत्येक प्रसंगाआधी दोन सेकंद खेळाडूभोवती गोल काढा. कॅमेरा उंचावर आणि मैदानाच्या मध्यावर पाहिजे. टचलाइनवर जमिनीलगत मोबाइल धरून काढलेलं चालत नाही, कारण त्यात बचावाची चार जणांची रेषा आणि मागची मोकळी जागा दिसतच नाही.

आपली पोरं व्हिडिओत स्लायडिंग टॅकल भरतात. बहुतेक वेळा टॅकल आधीची चूक झाकत असतो, हे स्काउटला कळतं. त्याला पाहायचं असतं ते असं: गोलकीपर डावीकडून पास देतोय, समोरचा फॉरवर्ड धावत येतोय. चेंडू पोचण्याआधी सेंटर-बॅकने खांद्यावरून मागे पाहिलं का? शरीर अर्धं उघडं ठेवून लांबच्या पायावर चेंडू घेतला का? असा घेतला तर पहिल्याच स्पर्शात पुढे पास निघतो. जवळच्या पायावर, गोलकडे तोंड करून घेतला तर परत गोलकीपरलाच द्यावा लागतो आणि प्रतिस्पर्ध्याचं प्रेसिंग सुरू होतं. हा फरक अर्ध्या सेकंदाचा आहे, आणि त्याच्यावरच निवड ठरते.

दुसरं, मागच्या मोकळ्या जागेचा बचाव. समोरचा मिडफिल्डर मान वर करून लांब पास मारायच्या तयारीत असेल आणि त्याच्यावर दाब नसेल तर रेषेने आधीच मागे सरकायला हवं. त्याच्यावर दाब आला किंवा त्याने पाठ फिरवली की पाच मीटर वर. हे खाली-वर करणं व्हिडिओत दोन-तीनदा दिसलंच पाहिजे. तिसरं, एकास-एक: बाजूने उभं राहणं, छोटी पावलं, फॉरवर्डला कमजोर पायाकडे ढकलणं, चेंडू त्याच्या पायापासून सुटेपर्यंत टॅकल न करणं. चौथं, हेडर जिंकल्यावर चेंडू कुठे पडला. नुसतं उंच उडवलेलं हेडर म्हणजे अर्धंच काम.

डाव्या पायाचा सेंटर-बॅक असाल तर ते पहिल्याच ओळीत लिहा. जगभर त्यांचा तुटवडा आहे. आणि उंची खोटी लिहू नका, मेडिकलला मोजतात.

दफ्तर_सिव्हिल_लाइन्स

आता कागद. प्रतिभेपेक्षा कागदामुळे जास्त बदल्या अडतात.

आंतरराष्ट्रीय बदलीला आयटीसी म्हणजे आंतरराष्ट्रीय बदली प्रमाणपत्र लागतं. ते खेळाडू मागत नाही. नवीन क्लब फिफाच्या टीएमएस यंत्रणेत माहिती भरतो, नवीन देशाचा महासंघ आपल्या एआयएफएफकडे (अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे) मागणी करतो आणि एआयएफएफ जुन्या क्लबला विचारून देतो. साधारण सात दिवसांचं काम. आयटीसी फुकट असतं, तसा नियमच आहे. "आयटीसी काढून देतो, इतके लाख लागतील" म्हणणारा भामटा समजा.

दोन तारखा सांभाळा: नवीन देशाची नोंदणी खिडकी (खेळाडू नोंदवण्याची ठरलेली मुदत) कधी बंद होते आणि आपला करार कधी संपतो. करार खिडकी बंद होण्याआधी संपला असेल तर मोकळ्या खेळाडूला खिडकीनंतरही नोंदवता येतं, फक्त त्या देशाच्या लीगची परवानगी पाहिजे. करार संपायला सहा महिने उरले की दुसऱ्या क्लबशी बोलणी करून आगाऊ करार करता येतो. एका मोसमात जास्तीत जास्त तीन क्लबांकडे नोंदणी, त्यातल्या दोघांकडूनच अधिकृत सामने. म्हणून जुलैत घाईने इथे कुठेतरी दोन सामने खेळून ठेवू नका. जानेवारीत बाहेर जायचं असेल तर हिशेब बिघडतो.

पासपोर्टच्या नावाचा घोळ आपल्याकडे हमखास होतो. जन्मदाखल्यावर नाव-वडिलांचं नाव-आडनाव, दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, पासपोर्टवर वडिलांचं नाव पहिल्या नावाला जोडलेलं, फेडरेशनच्या नोंदणीत वडिलांचं नाव गायब. माणूस तोच आहे हे परदेशी लिपिकाला कळत नाही. १६ व्या वर्षीच महानगरपालिकेचा जन्मदाखला, आधार, पासपोर्ट आणि फेडरेशनची नोंदणी एका धाटणीत आणा. स्पेलिंगसुद्धा एकच. जन्मतारखेत फरक असेल तर आधी तो मिटवा. युथ स्पर्धांमध्ये हाडांवरून वय तपासतात आणि तो शिक्का पुसत नाही.

करार हातात आल्यावर: पोलिस क्लिअरन्स पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून (ताजाच लागतो, म्हणून फार आधी काढू नका), जन्मदाखल्यावर आधी राज्याचं साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टील (कागद परदेशात खरा मानला जावा म्हणूनचा शिक्का), त्या देशाच्या भाषेत मान्यताप्राप्त भाषांतर. भारताचा अपोस्टील त्या देशात चालतो का हे क्लबला आधी विचारा.

ट्रायलसाठी शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक) अल्प मुदतीचा व्हिसा मिळतो, १८० दिवसांत ९० दिवस. त्यावर ट्रायल होते, पगारी फुटबॉल खेळता येत नाही. सही झाली की क्लबने वर्क परमिट काढायचं, खेळाडूने दीर्घ मुदतीचा व्हिसा. अनेकदा त्यासाठी भारतात परत यावं लागतं. परतीच्या तिकिटाचे पैसे कोण देणार हे ट्रायलच्या पत्रातच लिहून घ्या.

आणि ते पत्र: क्लबच्या अधिकृत ईमेलवरून आलेलं पाहिजे. त्यात तारखा, राहण्याची सोय, विमा आणि संपर्क माणसाचं पद हवं. शंका आली तर त्या देशाच्या महासंघाला ईमेल टाकून विचारायचं. सहसा उत्तर येतं.

हिशेबनीस

वर कोणीच ज्याला हात लावला नाही ती गोष्ट: प्रशिक्षण भरपाई. युरोपातला लहान क्लब आपला पोरगा आवडूनही मागे का हटतो, याचं बऱ्याचदा हेच कारण असतं.

खेळाडू पहिला व्यावसायिक करार करतो तेव्हा, आणि त्यानंतर ज्या वर्षी तो २३ चा होतो ते वर्ष संपेपर्यंतच्या आंतरराष्ट्रीय बदलीला, नवीन क्लबने तयार करणाऱ्या क्लबांना पैसे द्यायचे असतात. १२ ते २१ वयातल्या प्रत्येक वर्षाचे. दर नवीन क्लबच्या श्रेणीवरून ठरतो (क्लब खेळाडू घडवण्यावर किती खर्च करतात त्यावरून या श्रेणी पडतात). युरोपात पहिल्या श्रेणीला वर्षाला ९०,००० युरो, दुसऱ्या ६०,०००, तिसऱ्या ३०,०००, चौथ्या १०,०००. मात्र १२ ते १५ ही चार वर्षं चौथ्या श्रेणीच्या दरानेच मोजतात.

उदाहरण घ्या. पोरगा १२ ते १८ आपल्याच एका क्लबात, मग १९ व्या वर्षी युरोपातल्या तिसऱ्या श्रेणीच्या क्लबशी पहिला व्यावसायिक करार. पहिली चार वर्षं ४ गुणिले १०,००० म्हणजे ४०,०००. पुढची तीन ३ गुणिले ३०,००० म्हणजे ९०,०००. एकूण १,३०,००० युरो. ज्या खेळाडूसाठी बदलीची फी शून्य आहे त्याच्यासाठी लहान क्लब एवढे मोजणार नाही. मग एजंट जुन्या क्लबकडून हक्क सोडल्याचं पत्र मागतो. चौथ्या श्रेणीच्या क्लबला जाताना मात्र भरपाई लागतच नाही. पहिली पायरी लहान क्लबची असण्यामागे हेही एक कारण आहे.

ऑरेंज_विंग

मग आपल्या क्लबने ते पत्र द्यावं का? की अडवून धरावं?

हिशेबनीस

माझं स्पष्ट मत: पूर्ण हक्क सोडू नये, पण पोराला अडवूही नये. मधला मार्ग असा की भरपाई सोडायची आणि त्या बदल्यात पुढच्या विक्रीतला टक्का लेखी घ्यायचा. युरोपीय क्लब याला सहसा तयार होतो, कारण आत्ता खिशातून काही जात नाही.

शिवाय एकजुटीचा वाटा वेगळाच मिळतो. पुढे कधीही करार चालू असताना फी देऊन आंतरराष्ट्रीय बदली झाली की फीच्या ५ टक्के रक्कम १२ ते २३ वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटतात. १२ ते १५ च्या प्रत्येक वर्षाला त्या पाच टक्क्यांतले ५ टक्के, १६ ते २३ च्या प्रत्येक वर्षाला १० टक्के. समजा १० लाख युरोची बदली झाली. वाटायला ५०,०००. ज्या क्लबात तो १६ आणि १७ व्या वर्षी खेळला त्याला ५,००० अधिक ५,०००. आपल्याकडच्या क्लबाचा वर्षभराचा चेंडू, जाळी, प्रवास त्यातून निघतो.

पण हे सगळं नोंदीवर चालतं. २०२२ पासून फिफाचं क्लिअरिंग हाउस खेळाडूचा इलेक्ट्रॉनिक पासपोर्ट पाहून पैसे पाठवतं. पोरगा तीन वर्षं तुमच्या मैदानावर घाम गाळत होता पण फेडरेशनच्या ऑनलाइन नोंदणीत त्याचं नाव नव्हतं, तर तुमचा हक्क शून्य. गावोगावच्या क्लबांनी १२ वर्षांच्या पोरापासून दर मोसमाला नोंदणी करावी. हे काम कोणीतरी बसून करायलाच पाहिजे, राजेहो. याबद्दल मला कळकळ वाटते, कारण पैसा आपल्या हक्काचा असून फक्त फॉर्म न भरल्यामुळे जातो.

कामठी_लाइन

अगदी. जिल्हा पातळीवर एक नोंदणी शिबिर मोसमाच्या सुरुवातीला ठेवलं तरी पुष्कळ होईल. लॅपटॉप, स्कॅनर आणि पालकांना आधीच दिलेली कागदांची यादी, एवढंच लागते.

दफ्तर_सिव्हिल_लाइन्स

करारावर लिहायचं राहिलं होतं.

पगाराचा आकडा हातात येणारा आहे की कर कापण्याआधीचा, हे शब्दांत लिहिलेलं हवं. चलन कोणतं, महिन्याच्या कोणत्या तारखेला, मोसमाचे १० हप्ते की १२. घर क्लबचं असेल तर वीज-गरमीचं बिल कोणाचं. पूर्व युरोपात हिवाळ्याची गरमी भाड्याइतकी लागू शकते. विमानाची तिकिटं वर्षाला किती. दुखापतीत पगार पूर्ण की अर्धा, शस्त्रक्रिया कुठे करायची हे कोण ठरवणार. संघ खालच्या डिव्हिजनला गेला तर पगार किती घटणार.

"मेडिकल पास झाल्यास" किंवा "वर्क परमिट मिळाल्यास करार लागू" अशी अट फिफाच्या नियमात चालत नाही. मेडिकल सहीच्या आधी व्हायला पाहिजे. तरी अशी ओळ टाकतात, म्हणून पाहा. एक वर्ष अधिक एक वर्षाचा पर्याय फक्त क्लबच्या हातात असेल तर दुसऱ्या वर्षाचा वाढीव पगार आणि कळवण्याची शेवटची तारीख त्यातच लिहून घ्या. कराराची कमाल मुदत पाच वर्षं, १८ खालच्यांना तीन.

पगार थांबला तर पहिल्या महिन्यापासून ईमेलने लेखी मागायचा, तोंडी नाही. दोन महिन्यांचा पगार थकला की क्लबला १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन करार तोडता येतो आणि तो योग्य कारण मानला जातो. नोटीस न देता बॅग भरून निघून आलात तर उलट तुमच्यावरच भरपाई येऊ शकते. फिफाकडे तक्रार दोन वर्षांच्या आत. भारतात फुटबॉल प्लेअर्स असोसिएशन आहे, ती खेळाडूंच्या जागतिक संघटनेची सदस्य आहे. मदत मागायला लाजू नका.

एजंट फिफाचा परवानाधारकच घ्या, नाव फिफाच्या संकेतस्थळावर शोधता येतं. त्याच्याशी करार जास्तीत जास्त दोन वर्षांचा. खेळाडू आणि विकणारा क्लब, दोघांकडून तो पैसे घेत नाही ना, हे विचारून घ्या. कमिशनवर फिफाने घातलेल्या मर्यादेची अंमलबजावणी २०२३ च्या अखेरीस थांबवली होती, म्हणून टक्का लेखी ठरवा. ट्रायलसाठी आगाऊ पैसे मागणारा एजंट खेळाडू विकून पोट भरत नाही, पालकांकडून भरतो.

ताजबाग_युनायटेड

इंग्लंडचं काय? सगळ्यांना तिथेच जायचं असतं.

सेंटर_हाफ

भारतीय पासपोर्टवर जवळजवळ बंद. २००९ मध्ये सुनील छेत्रीचा लंडनच्या क्यूपीआर क्लबशी करार झाला होता, पण तेव्हाच्या नियमात देश फिफा क्रमवारीत पहिल्या ७० मध्ये हवा होता, म्हणून वर्क परमिट नाकारलं. आता गुणांची पद्धत आहे. आंतरराष्ट्रीय सामने मोजताना पहिल्या ५० देशांनाच वजन, लीगचा दर्जा, क्लबची मिनिटं, सगळं जोडून १५ गुण. २०२३ पासून प्रीमियर लीग आणि तिच्या खालच्या चॅम्पियनशिपच्या क्लबांना गुण न भरणाऱ्या चार खेळाडूंपर्यंत सवलत आहे, पण त्या जागांसाठी क्लबांचा डोळा आधीच युरोप-दक्षिण अमेरिकेच्या पोरांवर असतो. पहिली पायरी म्हणून इंग्लंड डोक्यातून काढा. खुसानोवसारखं तिसऱ्या क्लबला पोचायचं ठिकाण आहे ते.

परदेशी खेळाडूंच्या जागा हा मुद्दा सगळीकडेच पाहा. ऑस्ट्रेलियाच्या ए-लीगमध्ये क्लबला पाचच व्हिसा-जागा. तिथला प्रशिक्षक त्या गोल करणाऱ्यांवर खर्च करतो, डिफेंडर घरचा घेतो. त्यापेक्षा जिथे परदेशी मर्यादा सैल आहे आणि पगार कमी असल्यामुळे चांगले स्थानिक बाहेर जातात अशा लीग डिफेंडरला फायद्याच्या.

गोंडवाना_लेफ्टबॅक

मुलींसाठी मार्ग थोडा वेगळा आहे, म्हणून लिहिते. आशालता देवी ही डिफेंडर २०१५ मध्ये मालदीवच्या न्यू रेडियंटकडून खेळली. दालिमा छिब्बर कॅनडात मॅनिटोबा विद्यापीठाकडून खेळली. विद्यापीठाचा मार्ग मुलींना जास्त उघडा आहे: शिक्षण, शिष्यवृत्ती आणि स्पर्धात्मक मोसम एकत्र मिळतो. बारावीच्या गुणांना आणि इंग्रजीच्या परीक्षेला तिथे खरंच किंमत आहे, म्हणून दहावीनंतर अभ्यास सोडायला सांगणाऱ्या प्रशिक्षकाचं ऐकू नका. अमेरिकेत विद्यापीठाकडून खेळायचं तर आधी घेतलेल्या पगारामुळे पात्रता अडू शकते, म्हणून इथे व्यावसायिक करार करण्याआधी विचारून घ्या.

धंतोली_फिजिओ

शरीराबद्दल. झिंगनच्या बाबतीत झालं ते कोणाच्याही बाबतीत होऊ शकतं. नवीन देश, पूर्वतयारीचा मोसम अर्धवट, सरावाचा वेग अचानक वाढलेला. स्नायू नेमके या वेळी फाटतात. म्हणून जाण्याआधी सहा ते आठ आठवडे भार हळूहळू चढवत न्या, त्यात आठवड्यातून दोनदा पूर्ण वेगाच्या धावा पाहिजेतच. इथे बरेच सेंटर-बॅक सरावात कधी पूर्ण वेगाने धावतच नाहीत, आणि मग तिकडे पहिल्याच आठवड्यात उंच रेषेमागे ४० मीटर पळावं लागतं. हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) तिथेच जातो. नॉर्डिक हॅमस्ट्रिंग व्यायाम वर्षभर ठेवा. फिफाचा ११ प्लस वॉर्म-अप १५ व्यायामांचा, साधारण २० मिनिटांचा आहे. आठवड्यातून किमान दोनदा, आणि नीट. उडी मारून उतरताना गुडघा आत झुकतो का हे समोरून मोबाइलवर चित्रित करून पाहा. हेडर मारून एका पायावर उतरणं हे डिफेंडरचं रोजचं काम, आणि लिगामेंट जायची ती एक ठरलेली वेळ.

एसीएलची (गुडघ्यातल्या लिगामेंटची) शस्त्रक्रिया झाली असेल तर नऊ महिन्यांच्या आत मैदानावर उतरू नका, उतरणाऱ्यांत पुन्हा फाटण्याचं प्रमाण बरंच जास्त आहे. नुसते महिने मोजूनही भागत नाही, दोन्ही पायांची ताकद आणि एका पायावरच्या उड्या मोजून फरक दहा टक्क्यांच्या आत आला पाहिजे.

क्लबचं मेडिकल म्हणजे ईसीजी, इको, रक्त, गुडघे-घोटे-कमरेचा एमआरआय. जुनी दुखापत लपवू नका, एमआरआयमध्ये दिसते. उलट जुने अहवाल आणि मूळ स्कॅनच्या फाइल पेनड्राइव्हवर न्या. धंतोली-रामदासपेठेतली सेंटर फिल्म देतात, तिकडच्या डॉक्टरला डिजिटल फाइल लागते, ती आवर्जून मागून घ्या.

खाणं: वजनाच्या किलोमागे दिवसाला १.६ ते २.२ ग्रॅम प्रथिनं. ७८ किलोच्या पोराला साधारण १२५ ते १७० ग्रॅम. वरण-भातावर एवढं भरत नाही. आणि जिममधल्या सुट्या डब्यातली पावडर नकोच. डोपिंगमध्ये सापडलात तर "माहीत नव्हतं" हे कारण चालत नाही.

हिशेबनीस

करावर दोन ओळी. नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी भारतात राहिला तर सहसा अनिवासी ठरतो. जानेवारीत गेलात तर त्या मार्चअखेरपर्यंत निवासीच, म्हणून तिकडचा पगार इथल्या विवरणात दाखवावा लागतो आणि दुहेरी कर टाळण्याच्या करारातून तिकडे भरलेल्या कराची वजावट मिळते. तिकडचं कर भरल्याचं प्रमाणपत्र जपून ठेवा.

ताजबाग_युनायटेड

एक बारीक प्रश्न. इथल्या मुरमाच्या मैदानावर खेळलेल्या पोराने तिकडे बूट कोणते न्यावेत?

धंतोली_फिजिओ

तीन जोड्या. ओल्या, मऊ गवतासाठी सहा स्टडचा धातूचा एसजी. साध्या गवतासाठी एफजी. कृत्रिम टर्फसाठी एजी, ज्याचे स्टड आखूड आणि जास्त असतात. टर्फवर एफजी किंवा एसजी घालू नका, पाय रुततो आणि वळताना गुडघा मागे राहतो. एसजीची सवय नागपुरात होत नाही, कारण आपल्या टणक मैदानावर तो घालताच येत नाही. पावसाळ्यात जिथे गवत टिकतं तिथे जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्यातून दोनदा, सुरुवातीला २० मिनिटं, एसजीवर वळणं आणि मागे-मागे पळणं करून घ्या. बूट नवाकोरा असेल तर प्रवासाआधी दोन आठवडे पायात जुना करा, नाहीतर ट्रायलच्या दुसऱ्या दिवशी टाचेला फोड येतो.

मोतीबाग_कॉर्नर

नोंदणी शिबिरासाठी लागणाऱ्या कागदांची यादी दफ्तर साहेबांनी दिली तर ती धाग्याच्या सुरुवातीला डकवतो. पालकांना पाठवायला मराठीत एका पानाची हवी.

दफ्तर_सिव्हिल_लाइन्स

जन्मदाखला, आधार, पासपोर्ट असल्यास त्याचं पहिलं आणि शेवटचं पान, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो, पालकांची सही असलेलं संमतिपत्र, आधीच्या क्लबाचं नाव आणि मोसम. सगळ्याच्या मूळ प्रती आणायच्या, स्कॅन तिथेच करू. नावाचं स्पेलिंग पालकांनी मोठ्या अक्षरात स्वतःच्या हाताने लिहून आणावं. एका पानाचं करून रविवारपर्यंत टाकतो.